आधी त्याचं सांग, मग तुझं

पुण्यात वस्तीतल्या पोरांसाठी मी शाळांमध्ये दर शनिवारी डिबेटचा, म्हणजे वादविवादाचा क्लब चालवते. त्याची सुरुवातच फसली होती, हे आधी सांगून टाकते. जुलै 2022, शनिवार, सकाळची शाळा सुटलेली, दांडेकर पुलाजवळच्या एका शाळेत सातवी-आठवीची बावीस पोरं समोर बसलेली. मी फळ्यावर विषय लिहिला, ‘मोबाईल: शाप की वरदान’. एक मुलगा लगेच उठला, पुढे आला, पाय जुळवले आणि ‘सन्माननीय व्यासपीठ, आदरणीय परीक्षक, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ अशी सुरुवात केली (व्यासपीठ नव्हतं, परीक्षक नव्हते, एक मोडका बाक होता आणि मी होते). मोबाईल शाप कसा यावर गडी दोन मिनिटं न अडखळता बोलला. टाळ्या पडल्या. मी आपलं सहज विचारलं, अरे पण तुझे पप्पा रिक्षा चालवतात ना, त्यांना भाडी मोबाईलवरच येत असतील, मग शाप कसा? तो थांबला. छताकडे बघितलं. ओठ हलले. आणि परत पहिल्यापासून, ‘सन्माननीय व्यासपीठ...’

सगळी पोरं हसली, मीपण हसले, पण घरी येताना स्कूटरवर तेच डोक्यात फिरत होतं. पोराची काय चूक? कुणीतरी लिहून दिलं, त्याने पाठ केलं, जिल्ह्यात दुसरा नंबर आला. वक्तृत्व म्हणजे हेच, असं आपणच त्याला शिकवलंय.

माझं स्वतःचं म्हणाल तर मी कॉलेजात इंग्रजीतून पार्लमेंटरी डिबेट केलेली. चार टीम, प्रत्येकीत दोघं, विषय कळल्यावर तयारीला पंधरा मिनिटं आणि बोलायला सात. नंतर आयटीत नोकरी लागली आणि ते सगळं सुटलं. मग एकदा एका मैत्रिणीच्या शाळेत (ती शिक्षिका आहे) स्पर्धेला परीक्षक म्हणून गेले आणि डोक्यात किडा वळवळला की हे आपण नीट शिकवू शकतो. तर पहिले दोन महिने मी तोच कॉलेजातला फॉरमॅट उचलून तसाच्या तसा इथे आणला. ‘ओपनिंग गव्हर्नमेंट’ (विषयाच्या बाजूने सगळ्यात आधी बोलणारी टीम) म्हणजे काय हे सातवीतल्या पोरांना समजावण्यात तीन शनिवार घालवले, वर सात मिनिटं बोलायला लावलं, सात! एक पोरगी तिसऱ्या मिनिटाला ‘ताई पाणी पिऊन येऊ का’ म्हणून गेली ती आलीच नाही.

ऑक्टोबरपर्यंत बावीसाची नऊ झाली.

तेव्हा मी पहिल्यांदा शहाण्यासारखं काहीतरी केलं, म्हणजे उरलेल्या नऊ जणांना विचारलं की बाकीचे का गेले. उत्तरं मिळाली ती डिबेटबद्दल नव्हतीच. साडेअकरा ते दीड भूक लागते. मुलींच्या गल्लीत पाणी एक वाजता येतं आणि भरायला घरी कुणी नसतं. दोन पोरं शनिवारी गॅरेजवर जातात. आणि एकीने फार हळू आवाजात सांगितलं, ताई तुम्ही इंग्लिश बोलला की आम्हाला वाटतं आम्ही चुकलो. झालं. वेळ बदलून अकरा ते साडेबारा केली, आधी चहा-पार्ले-जी किंवा भेळेचे चुरमुरे, भाषण तीन मिनिटांचं आणि फॉरमॅटची सगळी इंग्रजी नावं हद्दपार. दोन बाजू, प्रत्येकी तिघं, छापा-काटा करून बाजू ठरवायची. नाणं उडवायला पोरांना इतकं आवडतं की त्यासाठी वेगळा ‘नाणेवाला’ नेमावा लागला, दर आठवड्याला नवा.

विषयही बदलले. शाप-वरदान बंद, वस्तीतले विषय घ्यायचे. मंडळाने डीजे लावावा का, पाचवीच्या पोरांना गृहपाठ असावा का आणि सगळ्यात गाजलेला, शाळेच्या खिचडीबरोबर अंडं द्यावं का. हा विषय काही मी हवेतून आणला नव्हता, नोव्हेंबर 2023 मध्ये सरकारने पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं द्यायचं ठरवलं, जो खात नाही त्याला केळं, आणि पुढे जानेवारी 2025 मध्ये त्या अंड्याचे पैसे बंद केले, म्हणजे पोरांच्या ताटात आलेली आणि गेलेली गोष्ट. तर त्या दिवशी छापा-काट्यात एका माळकरी घरातल्या मुलीच्या वाट्याला अंड्याच्या बाजूने बोलणं आलं. गळ्यात तुळशीची माळ. ती रडकुंडीला आली, म्हणे घरी कळलं तर? मी म्हटलं नको बोलूस, बाजू बदलून देते. ती पाच मिनिटं गप्प बसली, मग स्वतःच उठली आणि म्हणाली, ‘मी अंडं खात नाही, खाणार पण नाही. पण माझ्या बाकावरची खाते. तिच्या घरी आठवड्यात एकदा पण आणत नाहीत. माझ्या केळ्यासाठी तिचं अंडं का घालवायचं?’ एवढंच. चाळीस सेकंद झाली असतील, उरलेला वेळ तशीच उभी राहिली.

त्यानंतर आम्ही नियम केला की वर्षातून एकदा कुणालाही ‘ही बाजू मी घेत नाही’ म्हणता येईल, कारण विचारायचं नाही. गंमत म्हणजे तो नियम फारच कमी वापरला जातो, पण असल्याने पोरं मोकळी असतात.

आता मुख्य नियमाकडे येते, ज्याने खरं तर सगळं बदललं. पहिल्या वर्षी पोरं एकमेकांना खोडायची म्हणजे काय करायची, तर समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडात घालून त्याला हाणायची. टीव्हीवरच्या चर्चा बघून आलेली विद्या. आपल्याकडे जुन्या शास्त्रचर्चेत आधी पूर्वपक्ष मांडायचा, म्हणजे विरोधकाचं म्हणणं त्याला मान्य होईल असं सांगायचं, आणि मगच उत्तरपक्ष. मी तेच घेतलं आणि पोरांनी त्याचं नाव ठेवलं ‘आधी त्याचं सांग, मग तुझं’. उठल्यावर पहिलं वाक्य समोरच्याच्या मुद्द्याचं. त्याने मान हलवून ‘हो, असंच म्हणालो’ म्हटलं की मग पुढे जायचं. तो ‘नाय, असं नव्हतो म्हणालो’ म्हणाला तर परत सांगायचं, आणि घड्याळ चालूच. पहिल्या शनिवारी एकाचे पूर्ण तीन मिनिटं समोरच्याचा मुद्दा सांगण्यातच गेले, चार वेळा ‘नाय’ आलं, शेवटी तो बाकावर हात आपटून म्हणाला, ‘मग तू म्हणालास तरी काय रे?’ आणि तेव्हा कळलं की समोरच्यालाही आपण काय म्हणालो ते नीट माहीत नव्हतं.

मला विचाराल तर डिबेट शिकवण्यातलं सत्तर टक्के काम एवढंच आहे. आवाज, हातवारे, शेरोशायरी हे नंतर येतं, नाही आलं तरी चालतं.

याच नियमामुळे एक बाप भांडायला आला. पुण्यात आपण शिक्षकांना ‘मॅडम’ म्हणतो तसं ‘मॅडम, तुम्ही काय शिकवता हो इथं?’ म्हणत थेट वर्गात. पोरीने घरी विचारलं होतं की भावाला इंग्लिश मीडियम आणि मला इथे का, आणि ते ओरडल्यावर म्हणाली, ‘पप्पा, आधी माझं म्हणणं काय आहे ते सांगा, मग तुमचं.’ आता यावर मी काय बोलणार! मनातून आनंदच झाला होता पण तो माणूस खरंच दुखावलेला होता, हमालीचं काम, दिवसभर मान खाली, आणि घरी पोरगी असं बोलते. मी चहा दिला आणि म्हटलं आलाच आहात तर आज परीक्षक व्हा.

परीक्षकाची भानगड पण सांगायला हवी. आधी आम्ही छापील तक्ता द्यायचो, मुद्दे, मांडणी, प्रतिवाद, वेळ असे रकाने. आया आल्या की तक्ता हळूच पोराच्या हातात द्यायच्या, तूच भर. वाचता येत नसल्याची लाज. मग चिंचोके आणले. शाळेमागे चिंचेचं झाड आहे, पोरांनीच गोळा केले. प्रत्येक ऐकणाऱ्याला तीन चिंचोके, समोर दोन वाट्या, ज्याचा मुद्दा पटला त्या वाटीत टाकायचा, कोण छान बोललं त्याला नाही. हवं तर तीनही एकीकडे, हवं तर दोन-एक, हवं तर हातात ठेवा. तर या बापाने तीनही चिंचोके मुठीत धरून ठेवले आणि शेवटी दोन टाकले ते लेकीच्या विरुद्ध बाजूला. जाताना मला म्हणाला, तिचा दुसरा मुद्दा बरोबर होता पण त्या काळ्या शर्टवाल्या पोराने तो खोडला ना. बरोबर पकडलं होतं त्यांनी. इंग्लिश मीडियमचं काही झालं नाही हो, सिनेमा नाहीये हा, पोरगी अजून त्याच शाळेत आहे.

भाषेबद्दल मात्र मी अजून चिडते. दुसऱ्या वर्षी उत्साहाच्या भरात चार पोरांना बाहेरच्या एका मराठी स्पर्धेला नेलं. विषय पाणीटंचाई. आमची मुलगी इतकी मुद्देसूद बोलली, टँकर किती वाजता येतो, हंडे किती, रांगेत किती वेळ जातो, शाळा किती दिवस बुडते, सगळं स्वतः मोजलेलं. परीक्षक बाई म्हणाल्या छान, पण उच्चार सुधारा, ‘पानी’ नाही ‘पाणी’. मुद्दा होता पाण्याचा, मार्क गेले ‘ण’चे. बसमध्ये ती पोरगी खिडकीकडे तोंड करून ‘पाणी पाणी पाणी’ पुटपुटत होती. मी तिथेच ठरवलं की आपल्याकडे न-ण, व्हय-हो, ‘मी गेलती-गेले होते’ याचा एकही चिंचोका जाणार नाही. उर्दू माध्यमाची एक शाळा आली तेव्हा ती पोरं त्यांच्या पुणेरी हिंदीत बोलायची आणि आमची मराठीत, आणि ‘आधी त्याचं सांग’ या नियमामुळे दोघांनाही दुसऱ्याचं आपल्या भाषेत सांगावं लागायचं, त्यात इतकी मजा यायची!

मधल्या काळात मी बाहेर कुठे असं काही झालंय का हे वाचत होते. अमेरिकेत अटलांटाला 1985 मध्ये एमरी विद्यापीठाच्या मदतीने शहरातल्या सरकारी शाळांसाठी अर्बन डिबेट लीग सुरू झाली, नंतर शिकागो, बाल्टिमोर अशी शहरं आली. तिकडच्या शालेय पॉलिसी डिबेटमध्ये (म्हणजे सरकारी धोरणावरच्या वादविवादात) वर्षभर देशभर एकच विषय असतो, आणि पैसेवाल्या शाळा पुराव्यांचे गठ्ठे जमवतात म्हणून या लीगवाले आपल्या पोरांना पुराव्यांची तयार फाईल देतात, म्हणजे निदान सुरुवात एका रेषेवरून होते. हे मला एकदम पटलं. आमच्याकडे घरात पेपर येत नाही, नेट म्हणजे आईच्या फोनवरचा उरलेला डेटा. मग आम्ही दर आठवड्याला नवा विषय बंद केला, एक विषय सहा आठवडे, आणि प्रत्येकाला दहा पानांची झेरॉक्स फाईल. दोन्ही बाजूंची कात्रणं, असला तर सरकारी जीआर (शासन निर्णय), आणि शेवटची तीन पानं कोरी. ती पोरांनी भरायची, विचारून, मोजून.

कोऱ्या पानांतून काय येतं याचं एकच उदाहरण देते. 2023 मध्ये विषय होता, आपल्या वस्तीच्या जागी एसआरएची (झोपडपट्टी पुनर्वसनाची) बिल्डिंग व्हावी का. मला वाटलं सगळे हो म्हणतील. बाजूने बोलणारा मुलगा आठवीतला, त्याच्या घरात 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी शिरलेलं, तो म्हणाला मी चौथीत होतो, दप्तर वाहून गेलं, आजीला टेबलावर बसवलं, तिसऱ्या मजल्यावर ओढा येत नाही. सगळे गप्प. आता यावर काय बोलणार? विरुद्ध बाजूची मुलगी उठली, आधी त्याचं सगळं नीट सांगितलं, आजीच्या टेबलासकट, त्याने मान हलवली. मग म्हणाली, माझी आई कचरा वेचते, स्वच्छ संस्थेत आहे (ही कचरावेचकांची सहकारी संस्था, पुण्यात 2008 पासून घरोघरचा कचरा उचलते), संध्याकाळी ओट्यावर बसून भंगार निवडते, पुठ्ठा वेगळा, प्लॅस्टिक वेगळं. तिसऱ्या मजल्यावर पोतं न्यायचं कसं आणि निवडायचं कुठं? लिफ्ट बंद पडली तर? मी दहा घरं विचारली, सहा घरांत काहीतरी धंदा दारातच आहे. इस्त्री, भाजी, शिलाई. ‘घर मिळेल ताई, ओटा मिळणार नाही.’ चिंचोके जवळपास बरोबरीत पडले. मी आतापर्यंत ऐकलेल्या डिबेटमध्ये, कॉलेजच्या मोठमोठ्या फायनल धरून, ही सगळ्यात चांगली.

आणि एवढं सगळं जमत आलेलं असताना मी माती खाल्ली.

एका कंपनीकडून सीएसआरचे, म्हणजे कंपन्या सामाजिक कामाला देतात ते पैसे मिळण्याची शक्यता आली. त्यांना आकडा हवा होता. किती शाळा, किती ‘लाभार्थी’. मी तीन शाळांवरून एकदम नऊ केल्या. परवानग्यांसाठी एका ऑफिसात इतक्या चकरा मारल्या की आवक-जावकच्या टेबलावरच्या काकांना माझी स्कूटर ओळखू यायला लागली, अर्ज द्या, वरून पत्र आणा, ते पत्र दुसऱ्या विभागाचं आहे, साहेब इलेक्शन ड्युटीवर. ते तरी ठीक. खरी अडचण माणसांची. कॉलेजची पोरं-पोरी स्वयंसेवक म्हणून आली, जीव लावून यायची, आणि सेमिस्टर परीक्षा आली की एकदम गायब. ऑगस्टमध्ये वीस, नोव्हेंबरमध्ये पाच. येरवड्याच्या एका शाळेत मी न सांगता गेले तर आमच्याच स्वयंसेवकाने मुलांना भाषणं लिहून दिलेली आणि पोरं कोरसमध्ये पाठ करत होती, कारण पुढच्या आठवड्यात कंपनीची माणसं फोटो काढायला येणार होती. ‘सन्माननीय व्यासपीठ’ परत आलं होतं. त्या मुलाला काय बोलणार, त्याच्यावर प्रेशर मीच टाकलेलं.

त्या वर्षाअखेर पाच शाळा बंद केल्या. मुख्याध्यापिका बाईंना जाऊन सांगणं, मुलांना सांगणं, फार वाईट. एका शाळेत पोरांनी विचारलं की आमचं काय चुकलं. पैसे अर्थातच पुढच्या वर्षी आले नाहीत.

उरल्या चार. मग उलटं केलं. आपण जाऊन शाळा वाढवायची नाही, शाळेतलाच एखादा शिक्षक स्वतःहून आला तरच सुरू करायचं, आणि तो सहा शनिवार आमच्याकडे येऊन चिंचोके टाकून गेला असला पाहिजे. सगळ्यात आधी आले ते गणिताचे सर. मला वाटलेलं मराठीच्या बाई येतील! सर म्हणाले, तुमचं ते ‘आधी त्याचं’ मी भूमितीच्या सिद्धतेला लावलं, पोरगं म्हणतं कोन समान आहेत, दुसऱ्याने आधी तो असं का म्हणतो ते सांगायचं. दुसरी गोष्ट, कॉलेजच्या स्वयंसेवकांऐवजी आमचीच दहावी झालेली मुलं. अकरावी-बारावीला असतात, त्याच वस्तीत राहतात, पाण्याची वेळ त्यांना सांगावी लागत नाही. महिन्याला पाचशे रुपये आणि बसपासचे पैसे. ती काळ्या शर्टवाली स्वारी आता दोन शाळांचा दादा आहे आणि माझ्यापेक्षा कडक. पोरं अजूनही गळतात, दादाही कधी कधी कामाला लागून जातो, पण त्याच्या जागी कुणीतरी असतं.

सध्या सहा शाळा आहेत. पैसे म्हणजे मी, नोकरीतले चार मित्र आणि एक निवृत्त बँकवाले काका, ते दर महिन्याला झेरॉक्सचं बिल भरतात आणि पावती मागतात, पुणेरी माणूस. जून 2025 मध्ये पीएमपीचा (पुण्याच्या सिटी बसचा) डेली पास सत्तर रुपये झाला आणि आमच्या शाळा-शाळांमधल्या सामन्यांचं गणितच कोलमडलं, आता जवळच्या शाळा जोड्या करून खेळतात आणि सगळे एकत्र वर्षातून दोनदाच.

मागच्या मे महिन्यात बारा पोरांना टिळक स्मारकला वसंत व्याख्यानमालेला नेलं. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 ला सुरू केलेली, आमच्या एका शाळेपासून चालत पाऊण तास, आणि एकानेही नाव ऐकलं नव्हतं. वक्ते नामवंत होते, बोललेही छान. बाहेर उसाचा रस पिताना आठवीतली एक जण म्हणाली, ‘ताई, ते सारखं म्हणत होते काही लोक म्हणतात, काही लोक म्हणतात. कोण लोक? त्यांनी मान हलवली का?’

आता ताजी भानगड. दहावीची मुलं दिवाळीनंतरही क्लबला यावीत असा माझा आग्रह, तीच तर पुढची ताई-दादा. पोरं म्हणाली मग यावरच डिबेट लावा, आणि ताई, तुम्हीपण नाणं उडवायचं. माझ्या वाट्याला नेमकी ‘येऊ नये’ ही बाजू आली. मी उठले, आधी समोरच्याचं सांगितलं, तर तो आमचा दादा मान हलवेना, दोनदा ‘नाय’ म्हणाला, माझी एक मिनिट वीस सेकंदं खाल्ली. तरी मी बोलले. क्लासेस, घरचं काम, सराव पेपर, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, झोप. बोलता बोलता मलाच ते पटत गेलं. सव्वीस विरुद्ध सात चिंचोक्यांनी जिंकले, आणि आता दिवाळीनंतर दहावीची मुलं येणार नाहीत.